वकिलीचा डगला आणि घरची चूल

थोरांची चरित्रे लिहिण्याची आपल्याकडे एक रीत ठरून गेलेली आहे. जन्म, तालीम, विलायतेचा प्रवास, सनद, गाजलेले खटले, सरकार-दरबारी मानमरातब आणि शेवटी वफात. बायकोचे नाव एका ओळीत येते, मुलांची संख्या पुढच्या ओळीत, आणि चरित्रकार पुन्हा कोर्टाकडे वळतो. वकिलांच्या चरित्रांत तर हे हमखास दिसते. त्यांची भाषणे छापलेली असतात, त्यांचे निकाल कायद्याच्या ग्रंथांत जमा असतात, पण ते कोर्टातून घरी आल्यावर काय होत होते, हे लिहून ठेवायची गरज फारशी कुणाला वाटलेली नसते.

वकिलीचा धंदा मात्र असा आहे की तो कोर्टाच्या वेळेत मावत नाही. अकरा ते पाच हा त्याचा दिसणारा भाग. सकाळी पक्षकार ओट्यावर येऊन बसलेले असतात, संध्याकाळी पुन्हा येतात, रात्री उद्याच्या तारखेचे कागद वाचायचे असतात. उलटतपासाची तयारी करायची तर मागची सगळी जबानी नजरेखालून घालावी लागते. तारीख न्यायाधीश देतात, पोराचा ताप आपल्या वेळेने येतो. दोन्ही एकाच दिवशी आले तर कोण कुठे जाणार, हा प्रश्न प्रत्येक वकिलाच्या घरात कधी ना कधी उभा राहिलेला आहे. त्याचे उत्तर दीडशे वर्षांत कुणी कसे दिले, ते या लेखात पाहायचे आहे.

तय्यबजींचे घर

सुरुवात मुंबईपासून करू. बद्रुद्दीन तय्यबजी यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४चा. वडील तय्यब अली हे मूळचे खंबायतकडचे, सुलेमानी बोहरा व्यापारी. १८६० साली, वयाची सोळाही पुरी झालेली नसताना, त्यांनी मुलाला इंग्लंडला पाठवले. डोळ्यांच्या विकारामुळे मध्येच परतावे लागले. त्या मुक्कामात, १८६५ साली, राहत-उन-नफ्स यांच्याशी त्यांचा निकाह झाला. मग पुन्हा विलायत, आणि एप्रिल १८६७मध्ये मिडल टेंपलमधून बॅरिस्टर. मुंबई हायकोर्टात उभे राहणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर. त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन त्यांच्या आधीच सॉलिसिटर झाले होते. नव्या बॅरिस्टरला काम सॉलिसिटरकडूनच मिळते, त्यामुळे घरातच सॉलिसिटर असणे ही केवढी सोय होती हे त्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १८७४मध्ये अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत पुढाकार, १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद, १८९५ साली मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती, १९०२मध्ये हंगामी मुख्य न्यायाधीश. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला आणि त्यांचा जामीन आधी नाकारला गेला, तेव्हा तो मंजूर केला न्या. तय्यबजींनी. जामिनाचा अर्ज चालवणारे बॅरिस्टर दावर हेच ११ वर्षांनी न्यायाधीश म्हणून टिळकांना शिक्षा सुनावणार होते. इतिहासाचे असे खेळ असतात.

आता घराकडे पाहू. राहत-उन-नफ्स आणि बद्रुद्दीन यांना १८ अपत्ये झाली. आकडा वाचून आपण पुढे जातो, पण क्षणभर थांबून त्याचा हिशेब मांडला पाहिजे. १८ बाळंतपणे, १८ जणांची आजारपणे, तालीम, निकाह. त्यात सतत येणारे-जाणारे नातलग, अंजुमनची माणसे, काँग्रेसची माणसे. हे सगळे जिने सांभाळले तिने कुठली सनद घेतली नव्हती. पण तिच्यावाचून बद्रुद्दीन यांची सनद किती चालली असती, हे आपणच ठरवावे.

या खानदानाची एक गोष्ट मात्र आगळी आहे. तय्यबजींच्या घरांतून ‘अखबार’ लिहिले जात. अखबार म्हणजे छापील वर्तमानपत्र नव्हे, तर घरात ठेवलेली जाड वही. तिच्यात घरातला कुणीही, मोठा असो की लहान, बाई असो की पुरुष, रोजच्या गोष्टी लिहून ठेवी. आणि ही वही उर्दूत असे. मूळची गुजराती बोलणारी ही मंडळी. त्यांनी जाणीवपूर्वक उर्दूचा अंगीकार केला. मी उर्दू माध्यमाची शिक्षिका असल्याने मला याचे अप्रूप अधिक. ज्या काळात बाईच्या हातची ओळ घराबाहेर जात नसे, त्या काळात या घरातल्या बायका-मुली पाहुणे, सहल, आजारपण, वाचलेले पुस्तक यांवर लिहीत होत्या. बॅरिस्टरसाहेबांनी मुलींना शाळेत घातले आणि १९०४ साली दोघींना शिक्षणासाठी इंग्लंडलाही पाठवले. पर्द्याची चाल असलेल्या समाजात हे सोपे नव्हते.

म्हणजे या घराने समतोल कसा साधला? पैसा होता, नोकर-चाकर होते, एकत्र खानदान होते. आणि घराच्या मालकाला घर हे कोर्टाइतकेच मोलाचे वाटत होते. पहिल्या तीन गोष्टी सर्वांकडे नसतात. चौथीला पैसे लागत नाहीत.

आमच्या वऱ्हाडातले वकील

वऱ्हाडकडे येऊ. अमरावतीचे गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे हे टिळकांचे जिवलग. वकिलीत त्यांनी एवढे कमावले की लोक त्यांना वऱ्हाडचे नबाब म्हणत. घरी माणसांचा राबता, पंगतीवर पंगती. १९०८ साली टिळकांना शिक्षा झाली आणि दादासाहेब चालती वकिली सोडून अपिलाच्या खटपटीसाठी विलायतेला गेले, ते १९१० साली परतले. दोन वर्षे घरचा कर्ता परदेशी आणि मिळकत थांबलेली. त्या दोन वर्षांत एवढ्या मोठ्या घराची चूल कशी पेटत राहिली, याचे उत्तर लक्ष्मीबाई खापर्डे यांच्याकडे होते. दादासाहेबांची रोजनिशी अभ्यासकांनी वाचली. लक्ष्मीबाईंची रोजनिशी नाही. राष्ट्रकार्यासाठी वकिली सोडणाऱ्याचा त्याग आपण मोजतो, आणि तो योग्यच आहे. पण त्याच त्यागाचा दुसरा अर्धा भाग घरात बसून कुणीतरी फेडत असते.

दुसरे नाव नागपूरचे. मोहम्मद हिदायतुल्लाह यांचा जन्म १९०५चा. मॉरिस कॉलेजात शिक्षण, पुढे केंब्रिज, १९३०मध्ये लिंकन्स इनमधून बॅरिस्टर आणि त्याच साली नागपुरात वकिली. १९३६ साली नागपूरला हायकोर्ट झाले. बुलढाण्याच्या माणसाचे अपील तेव्हा तिथेच चाले, आणि १९५६च्या फेररचनेनंतर मुंबई हायकोर्टाचे खंडपीठ म्हणून आजही तिथेच चालते. हिदायतुल्लाह तिथे १९४३मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे अ‍ॅडव्होकेट जनरल, १९४६मध्ये न्यायमूर्ती आणि १९५४मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. १९६८मध्ये ते देशाचे सरन्यायाधीश झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले मुसलमान.

फाळणीने त्यांच्या घराचेही दोन भाग केले. सख्खे भाऊ मोहम्मद इकरामुल्लाह आय.सी.एस. होते, ते पाकिस्तानचे पहिले परराष्ट्र सचिव झाले. हे भाऊ नागपुरातच राहिले आणि भारताच्या न्यायासनावर बसले. ज्यांच्या घराण्यांतून १९४७ची रेघ गेली, त्यांना हा प्रसंग काय असतो ते समजावून सांगण्याची गरज नाही.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने एक साधी तारीख मला महत्त्वाची वाटते. हिदायतुल्लाह यांचा विवाह झाला १९४८ साली, पुष्पा शाह यांच्याशी. तेव्हा त्यांचे वय ४२ होते आणि ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती होते. आधी वकिलीत पाय रोवले, मग घर बसवले. पुरुषाला हे चालले. कुणी बोट दाखवले नाही. आपल्या बिरादरीत एखादी मुलगी ४२व्या वर्षापर्यंत वकिलीत पाय रोवत राहिली तर मोहल्ला तिच्याविषयी काय बोलेल, ते वाचकांनी मनाशीच म्हणून पाहावे.

पर्द्याआडच्या अशील

बाईने वकील व्हावे की नाही, हा वाद सुरू होण्याआधीच बाईला बाई-वकिलाची गरज निर्माण झालेली होती. पर्दानशीन विधवा, तिच्या नावावर जमीन-जुमला, आणि परक्या पुरुषासमोर ती येऊ शकत नाही. मग दिवाण, मुनीम, दीर जो कागद पुढे करतील त्यावर ती अंगठा उठवणार. कोर्टांनाही हा धोका ठाऊक होता. म्हणून पर्दानशीन बाईच्या दस्ताचा फायदा घेणाऱ्यानेच सिद्ध केले पाहिजे की तिला दस्त नीट समजला होता, असा दंडक न्यायालयांनी घालून दिला. पण तिला तो समजावणार कोण?

हे काम अंगावर घेतले कॉर्नेलिया सोराबजी यांनी. जन्म १८६६चा, नाशिकचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण. १८९२ साली ऑक्सफर्डला कायद्याची बी.सी.एल. परीक्षा त्यांनी दिली, पण बाईला पदवी द्यायची नाही हा तिथला नियम. पदवी हाती पडली ३० वर्षांनी, १९२२ साली. १९०४मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सने त्यांना नेमले. बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम असा त्यांचा फिरता संसार. पालखीतून, हत्तीवरून त्या जनानखान्यांपर्यंत गेल्या आणि शेकडो बायका व यतीम मुलांच्या मालमत्तेची प्रकरणे त्यांनी पाहिली. दुसऱ्यांची मोडकी घरे सावरण्यात हयात गेली. स्वतःचे घर त्यांनी मांडले नाही.

इकडे कोर्टांची दारे बंदच होती. १९१६ साली रेजिना गुहा यांनी कलकत्त्यात सनदेसाठी अर्ज केला. हायकोर्टाने सांगितले, कायद्यातल्या ‘व्यक्ती’ या शब्दात बाई येत नाही. १९२१ साली पाटण्याला सुधांशुबाला हाजरा यांनाही नकारच मिळाला. त्याच वर्षी अलाहाबादने मात्र सोराबजींना सनद दिली. अखेर १९२३चा कायदा आला आणि केवळ बाई आहे म्हणून कुणाला वकिलीपासून रोखता येणार नाही, हे ठरले. त्या कायद्याला शंभर वर्षे होऊन गेली. त्याने कोर्टाचे दार उघडले. घरातून कोर्टाच्या दारापर्यंत यायचा रस्ता करून देणे हे कायद्याच्या हाती नव्हते.

मिठन लाम आणि व्हायोलेट अल्वा

मुंबई हायकोर्टात वकिली करणारी पहिली स्त्री म्हणजे मिठन टाटा, पुढच्या मिठन लाम. त्यांचे वडील गिरणीत नोकरीला होते. लहानपणाचा काही काळ आपल्या विदर्भातल्या पुलगावात गेला. आई हेराबाई यांच्याबरोबर त्या १९१९मध्ये हिंदी स्त्रियांच्या मताधिकाराची बाजू मांडायला लंडनला गेल्या. मायलेकी तिथे राहिल्या, मुलगी शिकली, लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाली आणि १९२४ साली मुंबईत सनद घेतली. येथे आई मुलीच्या शिक्षणासाठी घर सोडून परदेशी राहिली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. समतोल साधायचा तो नेहमी मुलीनेच साधावा असे नाही. तिच्यासाठी घरानेही थोडे हलावे लागते.

त्यांच्या पहिल्या कामाचा किस्सा सांगतात. पक्षकाराची बाजू भक्कम होती, जिंकणार हे नक्की होते. तरी त्याने मुद्दाम बाई-वकील निवडली, कारण बाईकडून हरण्याची नामुष्की प्रतिपक्षाच्या पदरात घालायची होती. पुढे वकील जमशेद लाम यांच्याशी विवाह झाला, मुले झाली, एक मुलगी लहानपणीच गेली. हळूहळू त्यांचे काम कोर्टाबाहेर, स्त्रियांच्या संस्थांकडे वळले. १९३६च्या पारशी विवाह व घटस्फोट कायद्याच्या घडणीत त्यांचा वाटा होता. १९४७मध्ये त्या मुंबईच्या शेरीफ झाल्या. सुंदर आयुष्य, भरीव काम. तरीही पहिली बाई वकील कोर्टात शेवटपर्यंत टिकली असती तर किती निकालांवर तिची छाप पडली असती, हा विचार मनात येतोच.

व्हायोलेट अल्वा यांची कथा वेगळी. नवरा जोकिम अल्वा हेही वकील. दोघांनी एकत्र वकिली केली, एकत्र चळवळ केली. १९४३मध्ये त्यांना अटक झाली तेव्हा कडेवर तान्हा मुलगा होता. त्याला घेऊनच त्या आर्थर रोड तुरुंगात गेल्या. १९४४ साली हायकोर्टाच्या पूर्णपीठापुढे युक्तिवाद करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री वकील ठरल्या. म्हणजे मूल लहान असताना. १९६२मध्ये त्या राज्यसभेच्या उपसभापती झाल्या. त्यांचे यश त्यांच्या हिमतीचे आहे यात शंका नाही, पण त्या घरात ‘हे बाईचे काम, ते पुरुषाचे’ अशी भिंत नव्हती, हेही त्यासोबत लिहिले पाहिजे.

वकिलाचे घर कोर्टात जाते तेव्हा

आतापर्यंतची उदाहरणे घर सांभाळणाऱ्यांची होती. कायदा जाणणारा माणूस घरात न्याय करतोच असे नाही, हे सांगणारे उदाहरणही आपल्याच समाजातले आहे, आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

शाहबानो प्रकरणावर आपल्याकडे एवढे लिहिले, बोलले गेले की मूळ घर नजरेआडच झाले. शाहबानोंचे पती मोहम्मद अहमद खान हे इंदूरचे वकील होते. निकाह १९३२चा. पाच मुले झाली. दुसरी बायको घरात आली. १९७५ साली शाहबानोंना घराबाहेर पडावे लागले. एप्रिल १९७८मध्ये त्यांनी पोटगीसाठी अर्ज केला, नोव्हेंबरमध्ये वकीलसाहेबांनी तलाक दिला. मॅजिस्ट्रेटने महिना २५ रुपये ठरवले, हायकोर्टाने १७९ रुपये २० पैसे केले. त्याविरुद्ध पती सुप्रीम कोर्टात गेले आणि २३ एप्रिल १९८५ रोजी हरले. पुढचे राजकारण, १९८६चा कायदा, मोर्चे, हे सारे आपण पाहिले-वाचले आहे. त्यावर मतभेदही आहेत आणि ते राहोत. मला फक्त एवढेच दाखवायचे आहे की ज्या संसाराच्या बळावर चार दशके वकिली उभी राहिली, त्याच संसाराच्या किमतीवर तीन कोर्टांत वाद चालला. ४० वर्षे घर सांभाळले त्याचा मोबदला किती? महिना २५ रुपये, की १७९?

याच प्रकरणात शाहबानोंच्या बाजूने उभे राहिले दानियल लतिफी. १९८६च्या कायद्यालाही त्यांनीच आव्हान दिले. २८ सप्टेंबर २००१ रोजी सुप्रीम कोर्टाने तो कायदा वैध ठरवला, पण त्याचा अर्थ असा लावला की पतीने इद्दतीच्या मुदतीत पत्नीच्या पुढच्या आयुष्याचीही वाजवी तरतूद केली पाहिजे. निकाल आला तेव्हा लतिफीसाहेब हयात नव्हते. आता त्यांचे नाते सांगते. हे दानियल लतिफी म्हणजे बद्रुद्दीन तय्यबजींच्या मुलीचे चिरंजीव. ज्या घरात मुली अखबारच्या वहीत आपल्या मनाचे लिहीत, त्या घरातल्या एका मुलीचा मुलगा एका म्हाताऱ्या बाईसाठी कोर्टात उभा राहतो, याला मी योगायोग मानत नाही. मुले घरात जे पाहतात तेच पुढे बाहेर करतात. शिक्षिका म्हणून हे मी रोज पाहते.

फातिमा बीवी

मुस्लिम मुलींना सांगण्यासारखे सर्वांत मोठे नाव म्हणजे न्या. फातिमा बीवी. जन्म १९२७चा, केरळातल्या पथनमथिट्टाचा. वडील मीरा साहिब सरकारी नोकर. मुलीचा कल विज्ञानाकडे होता, पण वडिलांनी त्रावणकोरच्या अ‍ॅना चंडी यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून तिला कायद्याकडे वळवले. १९५० साली सनद, १९५८मध्ये मुन्सिफ, १९७४मध्ये जिल्हा व सत्र न्यायाधीश, १९८३मध्ये केरळ हायकोर्ट, आणि ६ ऑक्टोबर १९८९ रोजी सुप्रीम कोर्ट. सुप्रीम कोर्टात न्यायाधीश झालेली ती पहिली स्त्री, आणि ती मुसलमान. पुढे त्या तमिळनाडूच्या राज्यपाल झाल्या आणि २३ नोव्हेंबर २०२३ रोजी ९६व्या वर्षी अल्लाला प्यारी झाल्या.

त्यांनी लग्न केले नाही. तो त्यांचा निर्णय आणि त्यावर बोलायचा हक्क कुणाला नाही. पण कॉर्नेलिया सोराबजी अविवाहित, फातिमा बीवी अविवाहित. तय्यबजींना १८ अपत्ये, हिदायतुल्लाहना वाटेल तेव्हा विवाह. ही नावे शेजारी-शेजारी लिहिली की इतिहास आपोआप बोलू लागतो. लग्न केलेल्या आणि वर पोचलेल्याही आहेत. मुंबईच्या सुजाता मनोहर १९७८मध्ये मुंबई हायकोर्टाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या, १९९४मध्ये तिथल्या मुख्य न्यायाधीश आणि त्याच वर्षी सुप्रीम कोर्टात. त्यांचे वडीलच हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. कायद्याची पुस्तके घरातच असली की वाट सोपी होते. ज्या घरात पहिली पदवीच मुलगी घेते आहे, तिथले काय?

सोनाळ्याच्या मुली

आमचे सोनाळा सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यात. हा मुलूख १९०५पर्यंत अकोला जिल्ह्यात होता, मग जळगाव तहसिलीबरोबर बुलढाण्यात आला. जिल्ह्याचे कोर्ट बुलढाण्याला, घाटावर, हायकोर्ट नागपूरला. इथल्या माणसाला कोर्ट-कचेरी म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवणे आणि एसटीचे भाडे भरणे. शेताच्या बांधाचा वाद, वाटणी, पोटगी, नांदवायला नेत नाही म्हणून माहेरी बसलेली लेक. बायकांची प्रकरणे कमी नाहीत. त्या वकिलासमोर बसतात तेव्हा बोलतात भाऊ किंवा बाप. पर्दानशीन विधवेची गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वीची म्हणून आपण वाचतो, पण ती अजून संपलेली नाही.

म्हणूनच आमच्या मुलींनी वकील व्हावे असे मला वाटते. वर्गात मुली डॉक्टर, टीचर म्हणतात. एखादी वकीलही म्हणते. पालक वाईट नाहीत. ते मुलीला शिकवू इच्छितात. पण वकिलीचे नाव काढले की एकच वाक्य येते, “बाजी, पढ़ाने को पढ़ाते, मगर फिर घर कौन देखेगा?” हा प्रश्न चुकीचा नाही. तो एकीलाच विचारला जातो, एवढेच चुकीचे आहे.

या धंद्यातली अडचणही खरी आहे, ती झाकून ठेवू नये. नोकरदार बाईला बाळंतपणाची रजा आहे. २०१७च्या दुरुस्तीने ती २६ आठवड्यांची झाली. पण वकील ही कुणाची नोकर नसते. बार कौन्सिलच्या नियमाने सनद चालू ठेवून पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. म्हणून तिला पगार नाही आणि पगारी रजाही नाही. सहा महिने घरी बसली की पक्षकार दुसरीकडे जातात. पहिली काही वर्षे ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली तुटपुंज्या पैशात काढावी लागतात. ज्युनिअरला गावात महिना १५ हजार आणि शहरात २० हजार द्यावेत अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४मध्ये केली. शिफारस म्हणजे सक्ती नव्हे. शिवाय २० मे २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की दिवाणी न्यायाधीशाच्या पहिल्या पदासाठी तीन वर्षांची वकिली हवी. निर्णयामागची कारणे कोर्टाने दिली आहेत. पण २३-२४ वर्षांच्या मुलीच्या आयुष्यात ही तीन वर्षे नेमकी कुठली? ज्या वर्षांत रिश्ते येतात, निकाह होतो, पहिले मूल होते, तीच. तीन वर्षे घराने धीर धरला तर मुलगी न्यायाधीश. नाही धरला तर कपाटातली पदवी.

मग करायचे काय? उत्तर आपल्या घरातच आहे. इस्लाममध्ये निकाह हा करार आहे. करारात शर्त घालता येते. बद्रुद्दीन यांचे चिरंजीव फैज तय्यबजी, आणि त्याच खानदानाशी नाते असलेले आसफ फैजी, या दोघांनी मुस्लिम कायद्यावर लिहिलेले ग्रंथ कोर्टांत आजही उघडले जातात. निकाहाच्या करारात वाजवी, शरीअत आणि कायद्याला धरून असलेल्या शर्ती घालता येतात, हे त्यांतून मांडलेले आहे. आपण निकाहाच्या मजलिसीत मेहेरच्या आकड्यावर तासभर घासाघीस करतो. त्याच बैठकीत मुलीच्या बापाने किंवा मामाने एवढे म्हणायला काय हरकत आहे की, भाईसाहेब, मुलगी शिक्षण पुरे करील आणि वकिली करील, हे निकाहनाम्यात लिहून घेऊ? लिहिलेली शर्त घर चालवत नाही, हे मला कळते. पण ती लिहिताना मुलाकडच्यांना एकदा विचार करावा लागतो. पुढची भांडणे टाळायला तेवढा विचारही पुष्कळ उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट मुलांची. मुलीला वकील करण्याची तयारी आपण करतो, पण वकील बायकोचा नवरा होण्याची तयारी मुलाची कोण करणार? ते काम आईचे आणि शाळेचे आहे. पैगंबर साहेब घरात आपली चप्पल स्वतः शिवत, कपड्याला ठिगळ लावत, घरकामात हात देत, हे आम्ही दीनियातच्या तासाला शिकवतो. परीक्षेत मुले त्याचे उत्तर अचूक लिहितात आणि घरी जाऊन बहिणीला पाणी मागतात. धडा पाठ झाला, पण अंगी उतरला नाही.

घर आणि वकिली यांचा समतोल हा एकट्या बाईच्या हुशारीचा खेळ कधीच नव्हता. राहत-उन-नफ्स होत्या म्हणून बद्रुद्दीन उभे राहिले, हेराबाई होत्या म्हणून मिठन, मीरा साहिब होते म्हणून फातिमा बीवी. प्रत्येक काळ्या डगल्यामागे कुणीतरी दिवा लावून बसलेले असते. आजवर ते बहुतेक वेळा बाईच होती. आता कधी बापाने, कधी भावाने, कधी नवऱ्यानेही तो दिवा धरावा. आणि पुढे या मुलींची चरित्रे कुणी लिहिली तर दिवा धरणाऱ्याचे नाव एका ओळीपेक्षा जरा जास्त लिहावे.